कड्याला म्हणावं, सरक

वस्तरासाहेबांनी आयुष्यात कधी कुणाची दाढी केली नाही. स्वतःचीसुद्धा ते दोन दिवसांआड करीत, तीही बायको बोलली तर. तरी हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. ते ठेवलं डोंगरात राबणाऱ्या माणसांनी, आणि का ठेवलं हे कळायला साहेबांचा उद्योग आधी समजून घ्यावा लागेल. तो काही फार अवघड नाही.

डोंगरातून रस्त्याचा बोगदा न्यायचा असला की डोंगराच्या पोटात काय आहे ते आधी कळावं लागतं. अखंड खडक कुठे, चुरा झालेला कुठे, पाणी कुठे. पोट फाडून बघायची सोय नसते. मग वर जमिनीत भोकं पाडून लहानसे सुरुंग उडवायचे. त्या धक्क्याच्या लाटा आत जातात, खालच्या थरांवर आपटून परत येतात, आणि त्या परत आलेल्या लाटा ओळीने रोवलेल्या शेकडो जिओफोनांनी टिपायच्या. जिओफोन म्हणजे मुठीत मावेल एवढी डबी आणि तिच्या बुडाला खिळा. कामावरची माणसं त्याला नुसतं ‘कान’ म्हणत. आज दोनशे कान रोवले, उद्या दीडशे राहिले, अशी त्यांची भाषा.

माळरानावर हे काम सरळ असतं. डोंगरात मात्र धक्का पोटात जातो तसा अंगावरूनही धावतो. घळीत शिरतो, कड्यावर आपटून उलटा फिरतो, आणि या सगळ्या गोंगाटात खोलातून येणारं ते बारीक उत्तर बुडून जातं. म्हणून कान कुठे रोवायचे आणि सुरुंग कुठे लावायचे हे ठरवायला साहेब आधी संगणकात एक खोटा डोंगर उभा करत, त्याला खोटा धक्का देत आणि खोट्या लाटा कशा पळतात ते पडद्यावर बघत बसत. त्यावरून जो आराखडा निघे तो घेऊन माणसं खऱ्या डोंगरात जात.

हा खोटा डोंगर ठोकळ्यांचा असे, एकेक ठोकळा वीस मीटरचा. ठोकळा निम्मा केला तर डोंगर अधिक खरा दिसतो, पण गणित सोळापट वाढतं. शिवाय जिथे कडे आणि कंगोरे असतील तिथे ते गणित बिथरतं आणि नसलेल्या लाटा दाखवायला लागतं. त्यावर उपाय म्हणून कंगोरे आधीच घासून गुळगुळीत करून घ्यायचे. याला कचेरीत शब्द होता ‘हजामत’. “झाली का त्या डोंगराची हजामत?” असं एकमेकांना विचारत, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. साहेबांचा त्यात हातखंडा होता. इतका की डोंगराला कुठे कापलं हे कळायचंदेखील नाही. म्हणून वस्तरासाहेब.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. साहेबांनी ते दुरूनच साजरे करून ठेवले.

पण सुरुवातीला ते दुरून बघणारे नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना डोंगरातल्या तुकडीवर धाडलं होतं, आणि तिथे ते पडले मुकादमांच्या हाती. मुकादम म्हणजे तुकडीचा कर्ता माणूस. वयाने पाच वर्षांनी मोठे, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. कान कसा रोवायचा हे साहेबांना त्यांनी शिकवलं. वरची भुसभुशीत माती पंजाने बाजूला करायची, घट्ट जमीन लागली की खिळा सरळ दाबायचा, टाचेने नाही, तळव्याने, आणि मग बोटाने हलवून बघायचं. हलला तर पुन्हा. “साहेब, हलणारा कान आणि खोटं बोलणारा माणूस, दोघांचं काही ऐकू नये,” असं ते म्हणाले होते. पहिल्या दिवशी साहेबांनी रोवलेले चाळीस कान मुकादमांनी न बोलता उपटले आणि न बोलता पुन्हा रोवले.

हंगाम संपला की मुकादम साहेबांना घरी जेवायला नेत. साहेब तेव्हा एकटे होते, भाड्याच्या खोलीत पाव खाऊन राहत. मुकादमांच्या बायकोला ते वहिनी म्हणत आणि ती त्यांना भावजी. वहिनींचं बोलणं मोठं आणि कान तिखट. एकदा साहेब जेवताना मुकादमांच्या कानाशी लागून पुटपुटले की भाजीत मीठ जरा पुढे गेलंय. दोन दारांपलीकडून, पिठाच्या डब्यात डोकं घातलेल्या वहिनी ओरडल्या, “भावजी, आळणी हवी असेल तर तुमच्या खोलीवर आहेच!” साहेबांच्या हातातला घास हातात राहिला. मुकादमांना मात्र सुरुंगांपायी तेव्हाच एका कानाने कमी ऐकू यायचं. ते आपले जेवत होते.

वहिनींना नवऱ्याचा भारी अभिमान. गल्लीत कुणी प्रवासाला निघालं आणि वाटेत बोगदा असला की त्या हटकून सांगत, “त्या डोंगराचं आधी आमच्या ह्यांनी ऐकून घेतलंय, मग तुमची गाडी गेलीय त्यातून.” लोक हसत. हसू देत, खरं तर होतं.

पुढे साहेबांचं लग्न झालं, ते कचेरीत आले, खुर्ची मिळाली, मग मोठी खुर्ची मिळाली. मुकादम डोंगरातच राहिले. त्यांना दुसरं काही नकोच होतं.

मग ते खिंडीचं काम आलं. थंडी तोंडावर होती. तीन आठवड्यांनी खिंड बंद होणार, त्याच्या आत सगळं उरकायला हवं. साहेबांनी हजामत केली, चौदा तास गणित चालवलं, लाटा सुरेख आल्या. आराखडा तुकडीकडे गेला. पाचव्या दिवशी भर दुपारी, कचेरीत बैठक चालू असताना मुकादमांचा फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

“साहेब, सेहेचाळीस नंबरपासून पुढे मागच्या अंगाला कडा आहे. तीन मजली घराएवढा. लांबच लांब गेलाय. तुमच्या नकाशात नाहीये तो.”

“नकाशात नाही म्हणजे लहान असणार, मुकादम.”

“लहान नाही साहेब. धक्का ह्याच्यावर आपटून परत आपल्याच कानांवर येणार. ओळ दोनशे मीटर वर घेऊ का? तुम्ही तिथे एकदा गणित करून बघा.”

साहेबांनी मनात हिशेब केला. कडा दिसायचा तर ठोकळा निम्मा करायला हवा. चौदा तासांचे सव्वानऊ दिवस. समोर वरिष्ठ बसलेले, खिंडीचे दिवस मोजलेले. आणि मुख्य म्हणजे, पडद्यावर लाटा सुरेख आल्या होत्या. साहेब टेबलाभोवतीच्या मंडळींकडे बघून हसले आणि फोनमध्ये म्हणाले,

“मुकादम, आराखड्यात कडा नाहीये. कड्याला म्हणावं, सरक.”

टेबल हसून हसून दणाणलं. वरिष्ठांनी चष्मा काढून डोळे पुसले. पलीकडून मुकादम “बरं साहेब” म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या एका वाक्याने साहेबांना कचेरीत जे नाव मिळवून दिलं ते वीस वर्षांच्या कामाने दिलं नव्हतं. जेवणाच्या सुटीत लोक ते एकमेकांना ऐकवत. कपाट जागेवर बसेना, म्हण ‘कड्याला म्हणावं, सरक’. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाला असल्या टाळ्या फार गोड लागतात, आणि साहेबांनी त्या मनसोक्त घेतल्या.

मोजणी परत आली तेव्हा सेहेचाळीस ते एकसष्ट नंबरांच्या पट्ट्यात नुसता गोंगाट होता. चुऱ्याचा खडक शोधायचा होता तो नेमका तिथेच, आणि तिथलं काही म्हणजे काही दिसेना. डोंगर पोखरून उंदीर तरी निघतो. इथे तोही नाही. खिंड बंद झाली, काम एक हंगाम लांबलं, आणि एवढं झाल्यावर कुणाच्या तरी गळ्यात धोंड बांधायला हवीच होती. सैल रोवलेले कानही असाच गोंगाट करतात. वरवर बघणाऱ्याला दोन्ही सारखंच. चौकशीत साहेबांचं मत मागितलं. साहेबांनी एकच ओळ लिहिली: ‘कान आराखड्याप्रमाणे व नीट रोवले असते, तर इतका गोंगाट अपेक्षित नव्हता.’ खाली सही केली.

त्या ओळीत एक शब्द खोटा नव्हता. खोट्या डोंगरात खरंच तो गोंगाट अपेक्षित नव्हता. आपण खोटं बोललो असं साहेबांना तेव्हा वाटलंही नाही, फक्त मुकादमांची नोंदवही त्यांनी उघडली आणि मिटली. त्यात गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: ‘४६ ते ६१. मागे कडा. नकाशात नाही. ओळ वर घ्यावी असे वाटते. साहेबांस कळविले.’ साहेबांनी वही फाईलच्या तळाशी ठेवली. इतरांना ती वाचायची उसंत नव्हती.

मुकादमांना डोंगरातून काढून सामानाच्या कोठारात बसवलं, आणि साहेबांची ती ओळ व सही असलेलं पत्र त्यांच्या घरी गेलं. केबलींची भेंडोळी मोजायची, गंजलेले खिळे वेगळे काढायचे. निवृत्तीपर्यंत सहा वर्षं त्यांनी तेवढंच केलं.

दीड वर्षाने कचेरीत नवीन यंत्र आलं. सोळापट काम आता जेवणाच्या सुटीत व्हायचं. साहेबांनी एका दुपारी, नुसती गंमत म्हणून, असं ते स्वतःला सांगत होते, खिंडीचा डोंगर काढला, हजामत न करता तो कडा त्यात घातला आणि धक्का दिला. लाट अंगावरून धावत गेली, कड्यावर आपटली आणि उलटी फिरून सोळा जागांवरून परत गेली. जो पट्टा उमटला तो साहेबांनी मोजणीच्या पट्ट्याशेजारी ठेवला. रेघेला रेघ जुळली. मुकादमांचा एकही कान हलला नव्हता. सगळ्यांनी इमानाने तेच ऐकलं होतं जे तिथे होतं.

साहेबांनी ते चित्र जपून ठेवलं. ‘इतर’ नावाच्या कप्प्यात. आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

का धरली, याची कारणं त्यांच्याकडे पुष्कळ होती. आता प्रकरण मिटलंय, कशाला उकरा. मुकादमांना ऐकू येत नाही, डोंगर त्यांना कधी तरी सोडावाच लागला असता. पुढच्या महिन्यात सांगू, बढतीची यादी लागून जाऊ दे. यादी लागली. तरी नाही. आपल्या चुकीला कुरवाळून झोपवायचं म्हटलं तर माणसाला किती अंगाई सुचतात!

मधे एकदा, मुकादम निवृत्त व्हायच्या आधी, साहेब त्यांच्या घरी गेले होते. वहिनी आजारी असल्याचं कळलं होतं. मुकादम औषधं आणायला बाहेर गेलेले. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज खाली आलेला. इकडचं तिकडचं झाल्यावर त्या म्हणाल्या,

“भावजी, एक बोलायचं राहिलंय. त्या खिंडीच्या कामात ह्यांचा निष्काळजीपणा झाला. तुमचा एवढा चांगला आराखडा, आणि ह्यांच्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं असेल. पत्र घरी आलं तेव्हा ह्यांचा चष्मा सापडेना, मीच वाचलं. तेव्हापासून मला तुमच्यासमोर यायला तोंड नव्हतं बघा. मनावर घेऊ नका.”

साहेबांच्या तोंडाशी शब्द आला होता. खरंच आला होता. खाली फाटक वाजलं, मुकादमांची पावलं जिन्यात ऐकू आली, आणि साहेब म्हणाले,

“जाऊ द्या वहिनी. होतं असं कधीकधी.”

म्हणजे त्यांनी माफ केलं. ज्या घरचं अन्न खाल्लं त्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ असतात. साहेबांनी वासे काढून नेले आणि वर माफीही देऊन आले. वहिनींनी समाधानाने मान हलवली. चार वर्षांनी त्या गेल्या. साहेब भेटायला गेले, मुकादमांचा हात हातात घेऊन बसले, आणि उठून आले.

त्यानंतर दोन वर्षांनी साहेबांच्या निरोपाचा समारंभ झाला. भाषणं झाली, आणि शेवटी तरुण मंडळींनी त्यांना एक चौकट भेट दिली. काचेमागे सुबक अक्षरात: ‘कड्याला म्हणावं, सरक.’ टाळ्यांचा कडकडाट. त्यातल्या निम्म्यांना ते वाक्य कुठून आलं हे ठाऊकही नव्हतं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “हे काय आहे?” साहेबांनी नेहमीसारखी गंमत सांगायला सुरुवात केली आणि मधेच गंमत संपली. मग त्यांनी पुढचंही सांगितलं, त्या दुपारचं, ‘इतर’ कप्प्याचं, वहिनींच्या माफीचं. बायको शाळेत तीस वर्षं शिकवत आलेली बाई. तिने सगळं शांतपणे ऐकलं, चौकट उचलली आणि पलंगाखाली सरकवली. “हे भिंतीवर लागणार नाही,” ती म्हणाली. “आणि उद्या सकाळी जाऊन या. बैल गेला आणि झोपा केला हे खरं, पण तेवढा तरी करा.”

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास साहेब मुकादमांच्या दारात उभे राहिले. काखेत पाकीट, त्यात शेजारी शेजारी छापलेले ते दोन पट्टे. सूनबाईने दार उघडलं, पुढच्या खोलीत बसवलं आणि चहा ठेवायला आत गेली. मुकादम खिडकीपाशी खुर्चीत बसून एका जुन्या रेडिओचे स्क्रू काढत होते. ऐकायला नव्हे, दुरुस्त करायला. खिडकी उघडी होती आणि पलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. वाक्य त्यांनी रस्त्यात घोकून आणलं होतं, हळू आवाजात बोलायचं.

“मुकादम, एक सांगायचं होतं. खिंडीचं.”

“थंडीचं काय विचारता साहेब. यंदा गुडघे धरलेत.”

“थंडी नाही. खिंड. खिंडीचं काम.”

“घाम? ह्या दिवसांत कुठला घाम?”

साहेबांनी आवाज चढवला. मुकादमांनी तळहात कानामागे धरला आणि डोकं हलवलं, येत नाही. आणखी चढवला. शेवटी साहेब, ज्यांनी अकरा वर्षांत हे वाक्य स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं, ते खुर्चीतून अर्धे उठून, गळ्याच्या शिरा ताणून ओरडले,

“चूक माझी होती! खिंडीत! तुम्ही कान नीट रोवले होते! कडा होता! चूक माझी होती!”

आत कपबशी वाजायची थांबली. पलीकडे शेजारणीच्या हातातली चादर तशीच राहिली. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्यांना धाप लागली होती. मुकादमांनी हातातला स्क्रू बशीत ठेवला.

“अहो, एवढं ओरडताय कशाला? हे तर मला ठाऊकच आहे.”

“ठाऊक आहे?”

“म्हणजे काय! मी त्या कड्यावर उभा राहूनच तुम्हाला फोन केला होता.”

साहेब खाली बसले. पाकीट त्यांनी मांडीवर ठेवलं, उघडलं नाही. त्यांनी पुन्हा ओरडून विचारलं, “मग चौकशीत बोलला का नाहीत?”

“वहीत लिहिलं होतं की. ती वाचायची पुढच्यांनी.” मुकादमांनी रेडिओचं झाकण फुंकर मारून साफ केलं. “मला म्हणाल तर साहेब, मला काही नाही. कोठारात पंखा होता. डोंगर आठवायचा, ते आठवणारच. पण आपण कान कसे रोवले हे आपल्या हाताला ठाऊक असतं. हिला तेवढं कधी पटलं नाही. मी सांगायचो, अगं नीट रोवले होते, तिथे कडा होता. ही म्हणायची, कागद घरी आलाय आणि खाली भावजींची सही आहे, ते खोटं कशाला लिहितील. तुमच्यावर फार विश्वास तिचा. मग मी बोलायचं सोडलं. बोगद्यांचं ती गल्लीत सांगायची ना, तेही तिने सोडलं.”

सूनबाईने चहाचे कप आणून दोघांच्या मधे ठेवले आणि कुणाकडे न बघता आत गेली. मुकादमांनी एक कप साहेबांच्या बाजूला सरकवला.

“तिला सांगायला हवं होतंत साहेब,” ते म्हणाले. “असं ओरडावं लागलं नसतं. तिला हळू बोललेलं ऐकू यायचं.”